फुटक्या भांड्यांची कला आणि आपण

कलेने जखमा भरून येतात, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. शहरांतून त्यासाठी वर्ग चालतात. माती मळा, रंग फासा, फुटक्या कपबशांचे तुकडे फळीवर चिकटवा, मनावरचे ओझे उतरेल, असे तेथे सांगितले जाते. या गोष्टींची चेष्टा करण्याची माझी इच्छा नाही. ज्याला त्यातून रात्रीची झोप मिळत असेल त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु हीच भाषा जेव्हा आमच्या साहित्याला आणि कलेला लावली जाते, दलित लेखकाने पुष्कळ वर्षे वेदना सांगितली, आता त्याने जरा बरे व्हावे, असा सल्ला जेव्हा प्रस्थापित समीक्षेकडून मिळतो, तेव्हा थांबून विचारणे भाग पडते. बरे व्हायचे म्हणजे नेमके काय व्हायचे? आणि ते कोणाच्या सोयीसाठी?

या प्रश्नाचा विचार मी एका कलावंताच्या आयुष्याच्या आधाराने करणार आहे. ते दलित नव्हते आणि मराठीही नव्हते. चंदीगडच्या रॉक गार्डनचे कर्ते नेकचंद सैनी यांच्याविषयी मी बोलतो आहे. फुटक्या वस्तूंच्या तुकड्यांतून, म्हणजे कलेच्या ग्रंथांत ज्याला मोझॅक म्हणतात त्या रीतीने, एका माणसाच्या कल्पनेतून उभे राहिलेले एवढे मोठे काम आपल्या देशात विरळाच. त्यांची निवड करण्याचे दुसरे कारण घरगुती आहे. आमच्या तळेगावच्या घरी फुटक्या तुकड्यांवरून एक भांडण झाले होते, आणि ते मिटायला तीन वर्षे लागली.

आमच्या वस्तीत मोझॅक हा शब्द ग्रंथांतून आलेला नाही, तो गच्चीवरून आला. नागपूर-अमरावती रस्त्यावर, जेथून आर्वीचा फाटा फुटतो, तेथे आमचे गाव आहे. शेतातले काम सरले की नागपूर नाही तर अमरावती गाठायची, ही येथल्या तरुणांची जुनी वाट. माझा थोरला भाऊ तेथे गच्च्यांवर 'चायना मोझॅक' घालायचा. गच्ची गळू नये आणि तापू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर चकचकीत पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवतात. टाइल हातोडीने फोडायची, माल पसरायचा, तुकडे एकेक करून दाबायचे, पांढऱ्या सिमेंटने सांधे भरायचे आणि शेवटी पातळ ॲसिडने सगळे धुऊन काढायचे. हे काम पावसाच्या आधी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात निघते. मे महिन्याच्या उन्हात त्या पांढऱ्या तुकड्यांवर ओणवे बसून दिवस काढला की संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते. ॲसिडने भावाच्या बोटांची कातडी गेली. पुढे रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायची पद्धत आली, तेव्हा त्याचा ठसा उमटेना. मोझॅकने मन बरे होते, हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला ती बोटे आठवली. समीक्षकाने अशा आठवणी बाजूस ठेवाव्यात असे म्हणतात. मला ते जमलेले नाही.

नेकचंद यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा, शकरगढ तहसिलीतील बेरियाँ कलाँ या गावचा. १९४७ साली फाळणीची रेघ अशी ओढली गेली की ते गाव पाकिस्तानात राहिले. शेतकरी कुटुंबातला हा तरुण निर्वासित होऊन इकडे आला आणि चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचा इन्स्पेक्टर झाला. लाहोर गेल्यामुळे पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कॉर्बुझिए हा जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी तेथे सरळ रेघांचे, चौकोनी सेक्टरांचे शहर आखत होता आणि त्या शहरासाठी जुनी गावे उठवली जात होती. उठलेल्या गावांच्या ढिगाऱ्यांतून नेकचंद फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, टाइला, संडासाची मोडकी भांडी, सायकलींचे सांगाडे असे काहीबाही उचलू लागले आणि सुखना तलावाजवळच्या राखीव रानातल्या एका घळीत नेऊन साठवू लागले. १९५८ च्या सुमारास हे सुरू झाले. त्या जागेत कोणतेही बांधकाम करण्यास बंदी होती. नोकरीचे तास संपल्यावर, गुपचूप, पंधराहून अधिक वर्षे ते तेथे आपले राज्य उभारत राहिले. १९७५ च्या आसपास सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेस ते पडले तेव्हा जवळजवळ बारा एकरांत शेकडो आकृत्या उभ्या होत्या. कायद्याने ते सारे पाडायला हवे होते, पण लोकमत कलावंताच्या बाजूने उभे राहिले. १९७६ साली ते उद्यान सर्वांसाठी खुले झाले, नेकचंद यांना त्याच कामासाठी पगार आणि हाताखाली मजूर मिळाले, १९८४ साली पद्मश्री मिळाली. १२ जून २०१५ रोजी ते वारले. आज ते उद्यान चाळीस एकरांवर पसरलेले आहे.

या आयुष्याचा रूढ अर्थ असा लावला जातो की, ज्याचे गाव हिरावले गेले त्याने तुकडे जोडून आपले गाव पुन्हा बांधले आणि त्यात तो बरा झाला. हा अर्थ मी खोटा म्हणत नाही. सरकारी नोकरी पणाला लावून एवढी वर्षे कोणी हौसेखातर दगड वाहत नाही. आत काहीतरी तुटले असल्याशिवाय असे काम होत नाही. पण अर्थ तेवढाच नाही.

काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो होतो. बांगड्यांच्या तुकड्यांनी अंग झाकलेल्या स्त्रियांच्या आकृत्यांपुढे मी थांबलो. ओळीने उभ्या, लाल, हिरव्या, निळ्या काचेची लुगडी नेसल्यासारख्या. पर्यटक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढीत होते. माझ्या मनात वेगळेच चालले होते. आपल्याकडे बांगडी फुटते केव्हा? कामात फुटते, आणि नवरा मेल्यावर चार बायका जमून विधवेच्या हातावर ती फोडतात तेव्हा फुटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, म्हणजे महात्मा फुल्यांच्या मृत्यूनंतर एकशे एकतीस वर्षांनी. आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवून भागत नाही. माझा बाप वारला तेव्हा आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता, त्रिशरण-पंचशील झाले होते, तरी मायच्या बांगड्या फोडायला आमच्याच बायका ओट्यावर येऊन बसल्या होत्या. भावाने त्यांना परत पाठवले. त्याबद्दल वस्तीत त्याला महिनाभर बोलणी खावी लागली.

त्या काचेच्या स्त्रियांच्या अंगावर फुटलेली बांगडी मला प्रथमच शोकाची खूण म्हणून दिसली नाही. ती वस्त्र होऊन अंगभर चढली होती. नेकचंद यांना हा अर्थ अभिप्रेत असेल असे मी म्हणणार नाही. कलावंताने ठेवलेल्या वस्तूत वाचणारा आपल्या आयुष्याचे काही घालतोच, आणि ते घालू देण्याइतकी जागा त्या कामात आहे, हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो.

आता खटकलेले सांगतो. त्या उद्यानाची कल्पना राज्याची आहे. तेथे राजा आहे, राणी आहे, दरबार आहे, शिपाई आहेत आणि डोक्यावर घडे घेतलेल्या बायकाही आहेत. वाटेतली कित्येक दारे बुटकी आहेत. आत जाणाऱ्याने राजापुढे वाकावे म्हणून ती तशी ठेवली, असे सांगितले जाते. मी वाकलो, कारण न वाकता डोके आपटले असते. पण आमच्या लोकांना वाकण्याचा सराव पिढ्यान्‌पिढ्या पुरेसा झालेला आहे, त्यासाठी चंदीगडला जाण्याची गरज नाही. ज्याने सत्तेच्या एका रेघेपायी आपले गाव गमावले, त्याला स्वप्न पडले ते पुन्हा दरबाराचेच, याचा मला विषाद वाटतो. शिवाय ज्या गावांच्या ढिगाऱ्यांतून हे तुकडे आले त्या गावकऱ्यांचे काय? एका विस्थापिताने दुसऱ्या विस्थापितांच्या चुलीपुढची भांडी उचलून आपली जखम भरली. ती त्याने निदान उचलली, शहर आखणाऱ्यांनी तर त्यांच्याकडे पाहिलेही नाही, एवढा फरक मी करतो. आणि सत्तेने त्याला तरी कुठे कायमचे सोडले? २०२५ साली उच्च न्यायालयाजवळच्या रस्त्यासाठी आणि वाहनतळासाठी याच उद्यानाच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला.

नेकचंद यांच्यासारखाच दुसरा एक माणूस फ्रान्समधल्या शार्त्र या गावी होऊन गेला. रेमों इझिदोर हे त्यांचे नाव. जन्म १९०० चा, मृत्यू १९६४ चा. आपल्या वाचकांनी त्यांची ओळख करून घ्यावी असे मला फार वाटते, कारण ते स्मशानभूमीत झाडू मारण्याचे काम करीत. १९३८ च्या सुमारास त्यांनी वाटेवर पडलेले फुटक्या बश्यांचे तुकडे जमवायला सुरुवात केली. आधी घराच्या भिंती, मग जमीन, अंगण, पलंग, चूल, इतकेच काय पण बायकोचे शिवणयंत्रसुद्धा त्यांनी तुकड्यांनी मढवले. गावाने त्यांना 'पिकासिएत' हे नाव ठेवले. दुसऱ्याच्या ताटावर जेवणाऱ्या फुकट्याला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे त्यावर केलेली ही कोटी, आणि त्यात पिकासोच्या नावाचाही चावटपणा मिसळलेला. दुसऱ्याच्या ताटातले उष्टे हा शब्द ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना या कोटीतली धार समजावून सांगावी लागत नाही. पुढे १९८१ साली नगराने ते घर विकत घेतले, १९८३ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून त्याची नोंद झाली, आणि हिणवण्यासाठी ठेवलेले नावच घराला कायमचे चिकटले. इझिदोर बरे झाले का? अखेरच्या काळात त्यांचे मन ठिकाणावर नव्हते. सबंध घर मढवून झाले तरी ते सुटले नाहीत. कलेला औषधाची बाटली समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तरीही इझिदोर आणि आमचा सफाई कामगार यांत एक अंतर आहे आणि ते मोझॅकच्या कोणत्याही सिमेंटने बुजणारे नाही. इझिदोर यांच्या हातातला झाडू त्यांच्या नोकरीचा होता. तो जन्माने आलेला नव्हता, आणि पुढच्या पिढीच्या कपाळी तो कोणत्याही धर्मग्रंथाने लिहिलेला नव्हता.

येथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसे जगावे याचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत आणि फुटक्या भांड्यांत अन्न खावे, असा त्यांचा आशय आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा जे जळाले त्यात हे फुटके भांडेही होते. म्हणजे तुकडा ही आमच्यासाठी सापडलेली वस्तू नाही, ती नेमून दिलेली वस्तू आहे. पांढरपेशा कलावंत आपल्या कपाटातली बशी फोडून तिच्यातून सौंदर्य काढतो, तेव्हा त्याच्या घरात अखंड बश्यांचा संच शिल्लक असतो. ज्याला अखंड बशी कधी मिळालीच नाही त्याला तुकड्यांचे सौंदर्य दाखवणे ही कधीकधी क्रूर थट्टा होते.

मग तुकडा, चिंधी, उकिरडा हे सारे आम्ही टाकूनच द्यायचे का? असे मला वाटत नाही, आणि याचे उत्तर मला बाहेर शोधावे लागत नाही. भिक्खूंच्या चीवराचा जुना नियम पांसुकूलाचा होता. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या. विनयपिटकात कथा आहे की, मगधातली बांधांनी आखलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशा धाटणीचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते शिवले. पुढे लोक नवी वस्त्रेही दान देऊ लागले, तेव्हा ती तुकडे करून मगच शिवायची, असा दंडक राहिला. मेलेल्याचे वस्त्र मनूने शिक्षा म्हणून दिले, तेच वस्त्र राजपुत्राने आणि त्याच्यामागून आलेल्या न्हाव्याने, भंग्याने सारख्याच अधिकाराने अंगावर घेतले. कापड तेच असेल, ते घेण्यामागचा निर्णय कोणाचा, यावर त्याची किंमत ठरते. आमच्या आयाबहिणी चिंध्यांच्या वाकळी शिवत आल्या, त्यांच्या टाक्यांत मगधाची शेते कोणी पाहिली नाहीत, कारण त्या वाकळीवाचून थंडीत दुसरा पर्याय नव्हता.

आणि आता ते घरचे भांडण. भावाने गच्च्यांवरचे उरलेले तुकडे गोणीत भरून गावी आणले होते. पांढऱ्यांबरोबर काही निळे, काही हिरवे होते. ओट्यावर मोठे पिंपळपान काढायचे त्याच्या मनात होते. अर्धे पान झाले आणि माय कामावरून आली. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली. ज्या वाड्याच्या शेतात ती जाई तेथे तिच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यात एक वेगळा कप ठेवलेला असे. ओट्याकडे पाहून ती म्हणाली, "जलमभर कानतुटक्या कपात चा पेली मी, अन् तू थेच तुकडे माह्या ओट्यावर लावतं का रे बापू?" भाऊ काही बोलला नाही. रात्री त्याने छिन्नीने पान उखडून काढले.

त्या वेळी मला मायचे म्हणणे अडाणीपणाचे वाटले होते. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि कलेवरची दोन पुस्तके वाचली होती. मी तिला सांगितले की, जगातल्या मोठमोठ्या इमारतींत असेच तुकडे आहेत. ती म्हणाली, "असतीन." आज मला वाटते की मोझॅकवरची सर्वांत नेमकी टीका मी त्या दिवशी ऐकली. बरे होणे म्हणजे जखमेची वस्तू शोभेसाठी दारात मांडणे असेल, तर तिला ते नको होते.

नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांच्याकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. त्यांचा जन्म १९६१ चा, शिक्षण नागपूर आणि बडोद्याचे. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके अडकवलेला आणि झाडू बाळगणारा अस्पृश्य पुन्हा पुन्हा येतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि त्याची पावले पुसली जावीत म्हणून झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोंदवले आहे. सावरकर ते मडके फोडीत नाहीत आणि त्याच्या तुकड्यांची नक्षीही करीत नाहीत. ते अखंड, काळे, जड असे गळ्यातच ठेवतात. प्रतिमेची पुनरावृत्ती काही चित्रांत मला सैल वाटते, हे मी लपवणार नाही. पण ते मडके भिंतीवर टांगल्यावर दिवाणखान्यात बसलेल्याला निवांत चहा पिता येत नाही, आणि तसे व्हावे हाच त्याचा उद्देश आहे. नेकचंद यांच्या बागेतून माणूस प्रसन्न होऊन बाहेर पडतो. सावरकरांच्या चित्रापुढून तो आरोपी होऊन निघतो. आमच्या कलेला दुसऱ्या वाटेनेच जावे लागेल असा हुकूम मी सोडणार नाही. मात्र पहिल्या वाटेने जाण्याचा आग्रह जो धरतो, त्याने आधी मडके कोणी अडकवले ते बोलावे.

मोझॅकची एक गोष्ट मात्र मला भावाने शिकवली, पुस्तकांनी नव्हे. सांधा दिसला पाहिजे. तुकडे एकमेकांना खेटून बसवले, मध्ये जागा ठेवली नाही, तर पांढरे सिमेंट आत उतरत नाही आणि पहिल्या पावसात तुकडे सुटतात. फुटीची रेघ झाकून काम टिकत नाही. बशी पुन्हा बशी होत नसते. ती दुसरेच काही होते, आणि त्यातली प्रत्येक भेग कोणालाही बोट ठेवून मोजता येते. दलित आत्मकथनांनी हेच केले. तुटलेल्या आठवणी, अर्धी वाक्ये, बोलीतले शब्द त्यांनी एका चौकटीत बसवले आणि मधल्या रेघा तशाच ठेवल्या. त्या रेघांनाच समीक्षकांनी रचनेचा दोष म्हटले.

भांडणानंतर तिसऱ्या वर्षी भाऊ अमरावतीहून आला तेव्हा त्याच्याजवळ टाइलची दोन नवी खोकी होती, एक निळे, एक पांढरे. पुरती मजुरी घालून दुकानातून विकत घेतलेली. ओट्यावर पोते अंथरून त्याने मायसमोर एकेक अखंड टाइल काढली आणि हातोडीने फोडली. शेजारच्या बाया ओरडल्या, की याला वेड लागले, चांगला माल फोडतो. माय उंबऱ्यावर बसून पाहत होती. दुसऱ्या टाइलला तिने हात पुढे केला आणि हातोडी मागून घेतली.

पान अजून ओट्यावर आहे. भाऊ राहिला नाही, मायही नाही. देठाजवळचे दोन तुकडे गेल्या पावसात निघाले, ते मी डब्यात ठेवले आहेत. पांढरे सिमेंट आणायचे आहे.